शुगरमुळं तळपायाची आग: गोळी कुठली निवडायची, कशी वाढवायची आणि रात्र कशी काढायची

रात्री अडीचला उठून गार फरशीवर तळपाय टेकवून बसणारं कुणी तुमच्या घरात असेल तर हे त्याच्यासाठी लिहितोय. मी स्वतः तसा बसायचो, सांगलीत, आमच्या स्वयंपाकघराच्या दारात, कारण घरात सगळ्यात गार शहाबादी तिथलीच. पंखा पायावर सोडलेला, चादर पोटापर्यंत चालायची पण पायाला तिचं टोक लागलं तरी सुया टोचल्यासारखं व्हायचं. दिवसभर मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभा असायचो तेव्हा एवढं काही नाही, आणि रात्री पाठ टेकली की आग, मुंग्या, मधेच करंट मारल्यासारखा झटका. बायको म्हणायची दिवसा बरे असता तुम्ही, रात्रीच कसं काय? तिचंही खरं होतं, दिवसा लक्ष दुसरीकडं असतं आणि रात्री लक्ष द्यायला पायाशिवाय दुसरं काहीच नसतं.

मी डॉक्टर नाही, आडतीवर हिशोब लिहिणारा माणूस आहे. पण सहा वर्षं या गोळ्या खाल्ल्यात, बदलल्यात, एक मोठी चूक पण केलीय (ती खाली सांगतो). खाली डोसचे आकडे दिलेत ते तुम्हाला डॉक्टरांशी बोलता यावं म्हणून, मेडिकलमधून स्वतः आणून सुरू करण्यासाठी नाही.

आधी हे शुगरचंच आहे का ते बघा

शुगर बरीच वर्षं चढी राहिली की नसा खराब होतात आणि त्या नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या पण. सगळ्यात लांबची नस आधी जाते, म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून, आणि मग मोजा चढवल्यासारखं हळूहळू वर. साधारण गुडघ्यापर्यंत आलं की हाताच्या बोटांना पण सुरू होतं. दोन्ही पाय साधारण सारखेच, ही मोठी खूण. एकाच पायात कंबरेपासून खाली कळ येत असेल तर ती बहुतेक कंबरेची नस, तिचं औषधपाणी वेगळं. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असून तिथंच बधिर असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, लाजायचं काही नाही, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि पूर्ण बरं होतं.

दुसरं म्हणजे बी१२. शुगरवाले बहुतेक जण मेटफॉर्मिन खातात, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं खाल्लं की बी१२ कमी व्हायची शक्यता असते, त्यात माळकरी असाल, मटण-अंडी बंद, तर आणखी. बी१२ कमी झालं तरी पायाला अशाच मुंग्या येतात. म्हणजे अर्धा त्रास शुगरचा आणि अर्धा बी१२ चा असंही होऊ शकतं आणि तो अर्धा भरून काढता येतो. सोबत थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ताची तपासणी, आकडा जास्त म्हणजे किडनी कमजोर) आणि लिव्हरची तपासणी, कारण पुढं गोळी निवडायला तेच रिपोर्ट लागतात. दारू रोजची असेल तर डॉक्टरला खरं सांगा, दारूनंही नसा अशाच जातात.

पायाची तपासणी अगदी साधी असते. १० ग्रॅमचा एक नायलॉनचा दोरा तळपायाला टेकवून विचारतात लागतंय का, आणि एक लोखंडी चिमटा वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवतात, थरथर कळते का बघायला. पाच मिनिटांचं काम. मला पहिल्याच ठिकाणी, नाव नको, थेट नसांची महागडी मशीनची तपासणी लिहून दिली आणि ती नॉर्मल आली, मग म्हणाले तुम्हाला काही नाही, टेन्शन घेऊ नका. नंतर कळलं की ती मशीन जाड नसा मोजते, आग होते ती बारीक नसांमुळं, आणि त्या तिच्यात दिसतच नाहीत. त्या नॉर्मल रिपोर्टवर माझं वर्ष गेलं.

आग आणि बधिरपणा या दोन वेगळ्या गोष्टी

हे मला कुणी सुरुवातीला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जुना लँडलाइन आठवतोय का, पावसात लाइन खराब झाली की नुसती खरखर यायची आणि पलीकडचा काय बोलतोय ते ऐकू यायचं नाही? नस तशीच बिघडते. काही लागलेलं नसताना आग आग म्हणून बोंबलते आणि खरंच लागतं तेव्हा गप्प. गोळ्या आहेत त्या खरखर कमी करायला. पलीकडचा आवाज त्या आणत नाहीत. म्हणजे आग थांबली म्हणून पाय बरा झाला असं नाही.

माझं झालं ते असं. गोळी लागू पडली होती, महिनाभर छान झोप, मी खूश. एकदा संध्याकाळी यार्डातून घरी आलो, हात-पाय धुवायला गेलो तर मागून बायको ओरडली, अहो हे काय, रक्त कुठलं? दारापासून मोरीपर्यंत फरशीवर उजव्या पायाचे लाल ठसे, एक पाऊल सोडून एक. चप्पल उलटी केली तर पोत्याच्या गाडीचा बारका खिळा तळातून आरपार आलेला. सकाळी दहापासून मी तो खिळा पायात घेऊन फिरत होतो. दुखलं म्हणाल तर काही सुद्धा नाही. ती जखम भरायला दोन महिने गेले. तेव्हापासून रात्री जेवण झालं की पाय बघणं हे देवाला दिवा लावण्यासारखं ठरलंय.

शुगर आणा पण दमानं

नसा वाचवायला शुगर आटोक्यात पाहिजे हे सगळ्यांना माहीत आहे. जे माहीत नसतं ते म्हणजे फार वेगानं उतरवली तर आग उलट वाढू शकते. तीन महिन्यांची सरासरी, ते एचबीए१सी, १२-१३ वरून तीन महिन्यांत एकदम ८ वर आणलं, असं काहींचं होतं आणि पाय पेटतात. त्याला घाबरून इन्सुलिन बंद करायचं नाही, पण डॉक्टरला सांगायचं की उतरण हळू ठेवा. आणि शुगर आली म्हणून आग आठवड्यात जाईल अशी आशा धरू नका, गेलेली नस सहसा परत येत नाही, पुढचं नुकसान थांबतं किंवा मंदावतं एवढंच.

आता गोळ्या

पहिली गोष्ट, पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅकसारख्या पेनकिलरचा या आगीवर जवळपास उपयोग नाही. डायक्लोफिनॅक तर किडनीला वाईट आणि शुगरवाल्याची किडनी आधीच तोलून मापून चाललेली असते. मी सहा महिने गुडघ्याच्या गोळ्या पायाच्या आगीवर खात होतो, वेड्यासारखा.

लागू पडणाऱ्या गोळ्या मुख्य तीन जातीच्या. प्रीगॅबालिन (आणि तिची थोरली बहीण गॅबापेन्टिन), ड्युलोक्सेटिन, आणि जुनी स्वस्त अमिट्रिप्टिलिन, तिच्याच घरची नॉरट्रिप्टिलिन. यातली कुठली भारी असं लोक विचारतात. ब्रिटनमध्ये १३० पेशंटवर यांची आपसात तुलना केली, २०२२ ला लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आली. तीन रस्ते लावले होते, एकीनं सुरू करायचं आणि नाही भागलं तर दुसरी जोडायची. आगीचा आकडा १० पैकी सरासरी ६.६ होता तो तिन्ही रस्त्यांनी ३.३ वर आला. म्हणजे तिन्ही सारख्याच, आणि एकीनं भागत नसेल तर दुसरी जोडून फायदा होतो. अजून एक बघा, आकडा शून्यावर आला नाही, अर्ध्यावर आला. सात वरून तीन-चार झालं, झोप लागली, तर गोळी पास. शून्याची वाट बघत डॉक्टर बदलत फिरणारे लई बघितलेत मी.

मग निवडायची कशी? आगीकडं बघून नाही, बाकीच्या शरीराकडं बघून. 

प्रीगॅबालिन रात्री एक, ७५ पासून (इथून पुढं डोसचे सगळे आकडे मिलिग्रॅमचे) सुरू करतात, वयस्कर असेल तर त्याहून कमी, मग आठवड्या-आठवड्यानं वाढवत दिवसाला १५० ते ३०० पर्यंत. झोप चांगली लागते, असर लवकर कळतो, आठ-पंधरा दिवसांत. त्रास म्हणजे चक्कर, गुंगी, वजन वाढणं आणि घोट्यावर सूज. माझं वजन चार महिन्यांत पाच किलो वाढलं, आणि शुगरवाल्याला वजन वाढणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पायोग्लिटाझोन ही शुगरची गोळी चालू असेल तर सूज आणखी येते. दारूबरोबर अजिबात नको. आणि हिची सगळी वाट किडनीतून, किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावाच लागतो, नाहीतर गोळी अंगात साठत राहते.

इथं माझी चूक सांगतो. आमचे थोरले मामा तासगावला असतात, द्राक्षबाग आहे, शुगर माझ्यापेक्षा जुनी. दिवाळीला आले तेव्हा पाय चोळत बसलेले. मला म्हणाले, "भाच्या, तुझी ती गोळी दे की रं, डॉक्टरकडं जायला कुणाला वेळ हाय, छाटणी चाललीया." मी पण मोठ्या मनानं माझ्या दोन स्ट्रिप दिल्या. माझा तेव्हा दिवसाला ३०० चा डोस होता, तसाच खावा असं वर सांगितलं. मामांचं क्रिएटिनिन २.१ होतं हे मला माहीतच नव्हतं. चौथ्या दिवशी मामींचा फोन, हे दिवसभर झोपतायत, बोलताना जीभ जड पडतीया, आणि आज न्हाणीत पडले. कपाळाला चार टाके, नशीब हाड मोडलं नाही. मिरजेला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे काही ऐकवलं ते इथं लिहीत नाही. थोडक्यात तुमच्या पाकिटातली गोळी सख्ख्या भावाला पण द्यायची नाही.

ड्युलोक्सेटिन ३० नं सुरू, आठ-पंधरा दिवसांनी ६०, जेवणानंतर घ्यायची. ६० च्या वर नेऊन आगीवर फारसा जास्त फायदा होत नाही. वजन वाढत नाही, गुंगी कमी, म्हणून गाडी चालवणाऱ्याला, दिवसभर काम करणाऱ्याला बरी पडते. पहिले आठ दिवस मळमळतं, तोंडाला चव नसते, घाम येतो, आणि बरेच जण तिथंच सोडतात, ते आठ दिवस काढले तर बहुतेकांचं बसतं. लिव्हर खराब असेल, किडनी फारच गेलेली असेल, काचबिंदूचा एक प्रकार असतो तो असेल तर नको. बीपी मोजत राहायचं. मुलं गुगलवर बघतात आणि म्हणतात बाबा ही तर डिप्रेशनची गोळी आहे, डॉक्टरनं तुम्हाला वेडं ठरवलं. तसं नाही. मेंदू आणि पाठीच्या कण्यात दुखणं दाबून धरणारी जी रसायनं असतात तीच ही गोळी वाढवते, डिप्रेशन नसलेल्याला पण आगीवर चालते. मी आता हिच्यावरच आहे, रात्रीची प्रीगॅबालिन फक्त ७५ उरली.

अमिट्रिप्टिलिन रात्री १०, झोपायच्या दोन तास आधी, मग २५, क्वचित ५० किंवा ७५. स्वस्त आणि झोपेची. पण तोंड कोरडं, पोट साफ होत नाही, आणि प्रोस्टेटवाल्याची लघवी अडकू शकते. हार्टचा त्रास असेल तर आधी ईसीजी. साठीच्या पुढं रात्री उठताना तोल जातो, पडायची भीती. नॉरट्रिप्टिलिन थोडी सौम्य. मामांना प्रोस्टेट पण आहे, म्हणजे ही पण बाद, ड्युलोक्सेटिनला किडनीची हरकत, मग शेवटी डॉक्टरांनी प्रीगॅबालिनच दिली पण २५ ची, रात्री एक. जी गोळी मी देऊन त्यांना पाडलं तीच गोळी बाराव्या हिश्श्यावर आणली तर लागू पडली.

डोस वाढवताना एका वेळी एकच बदल करायचा, दोन गोळ्या एकदम बदलल्या की कुणामुळं बरं वाटलं आणि कुणामुळं चक्कर आली काही कळत नाही. योग्य डोसवर गेल्यावर महिनाभर तरी द्या, मग ठरवा. आणि कुठलीच एकदम बंद करायची नाही. प्रीगॅबालिन एकदम तोडली तर झोप उडते, घाम, घबराट, काही जणांना फिट सुद्धा, म्हणून आठवडाभर तरी उतरवत न्यायची. ड्युलोक्सेटिनचं पण तसंच. गावाला जाताना स्ट्रिप विसरू नका एवढ्यासाठीच.

तुमच्या पाकिटावर दोन-तीन नावं एकत्र छापलेली असतील, प्रीगॅबालिन सोबत मिथाइलकोबालामिन, सोबत नॉरट्रिप्टिलिन, कधी आणखी काही. सोयीचं असतं पण एकीचा डोस वाढवला की दुसरीचा आपोआप वाढतो. सुरुवातीला सुट्ट्या गोळ्या मागा. जनऔषधी केंद्रात जेनेरिक मिळते, माझ्या खर्चात चांगलाच फरक पडला.

नसांची ताकदीची गोळी म्हणून जे देतात त्यात मिथाइलकोबालामिन म्हणजे बी१२ च, कमी असेल तर जरूर, रिपोर्टमध्ये भरपूर असेल तर उगाच. अल्फा लिपोइक ॲसिडचा थोडा उपयोग दिसलाय, तोही सलाइनमधून ६०० दिल्यावर जास्त. बेनफोटियामिनचा पुरावा फारच पातळ. हळदीचं मला रोज कुणीतरी सांगतं, आमचा धंदाच हळदीचा, तीस वर्षं तिच्या धुरळ्यात उभा आहे, तेवढ्यानं जाणार असती तर माझी केव्हाच गेली असती.

त्यापेक्षा मिरचीत दम आहे, हसू नका. मिरचीचा तिखटपणा ज्यानं येतो त्या कॅप्सेसिनचं मलम मिळतं, ०.०७५ टक्क्याचं, दिवसातून तीन-चार वेळा. पहिले काही दिवस उलट जास्त जळतं, मग ती बारीक नस दमते आणि आग कमी होते, पण महिना-दीड महिना नेटानं लावावं लागतं. ८ टक्क्यांची पट्टी पण असते, अमेरिकेत शुगरच्या पायांसाठी तिला २०२० ला मंजुरी मिळाली, ती दवाखान्यातच लावतात. जखमेवर लावायचं नाही, हात साबणानं धुवायचे, डोळ्याला लागू द्यायचं नाही. घरची मिरची वाटून तर मुळीच नको, विचारणारे भेटलेत म्हणून लिहितोय. गोळ्या झेपत नाहीत अशा म्हाताऱ्या माणसाला मलम बरं.

ट्रामाडॉल शेवटचा उपाय, तोही थोडे दिवस. २०१८ पासून ती अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, सवय लागते, आणि ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिनबरोबर घेतली तर धोक्याची रिॲक्शन येऊ शकते. दोन डॉक्टरांची औषधं चालू असतील तर दोघांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

डॉक्टरसमोर पाच मिनिटांत काय सांगायचं

आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचं लिहितात, दीड लिटर, एक लिटर, आलं नाही. त्याच चौकोनात मी खाली रात्रीच्या आगीचा आकडा लिहितो, ० ते १०, आणि किती वेळा उठलो. गोळी बदलली त्या दिवशी गोल. महिन्यानं त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरला दाखवतो. आधी मी "जरा बरं आहे, जरा नाही" असं सांगायचो आणि ते तीच गोळी रिपीट लिहायचे, त्यांची तरी काय चूक. सोबत सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत, ताजं क्रिएटिनिन, आणि लघवी, लैंगिक त्रास, उभं राहिलं की अंधारी, हे असेल तर तोंडानं सांगा, शुगर त्याही नसांना धरते.

रात्र काढायला मी काय करतो ते पण सांगतो. पायाकडं एक रिकामं खोकं ठेवून त्याच्यावरून चादर, म्हणजे कापड पायाला टेकत नाही. सुती ढिले मोजे. संध्याकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन यायचं, चालण्यानं आग कमी होते हे मला खरं वाटलं नव्हतं, पण होते. गार पाण्यात पाय थोडा वेळ चालतात, बर्फ नको, आणि गरम पाण्याचा शेक तर कधीच नको. बधिर पायाला पाणी किती कढत आहे ते कळत नाही, फोड आल्यावर कळतं. पाणी कोपरानं किंवा दुसऱ्याच्या हातानं बघायचं.

अनवाणी नाही, घरात सुद्धा नाही. नवरात्रात अनवाणी राहणारे, माउलींच्या पालखीबरोबर लोणंद-फलटण चालणारे, आणि एप्रिलमध्ये देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालणारे, तुमची श्रद्धा मान्य, पण बधिर पाय असेल तर देवाला सांगून सपाता घाला. २०१९ ला आणि २०२१ ला पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा आमच्या ओळखीचे कितीतरी शुगरवाले तासन्‌तास त्या घाण पाण्यात उभे होते, नंतर बोटांच्या बेचक्यातून जखमा. चप्पल एमसीआरची (शुगरवाल्यांसाठीचं मऊ रबर) मऊ, मागं पट्टा असलेली, खरेदी संध्याकाळी कारण तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. घालायच्या आधी आत हात घालून बघायचं, माझा खिळा आठवा. कुरूप ब्लेडनं कापायचं नाही, त्याच्या पट्ट्या पण लावायच्या नाहीत.

जखम, पू, काळं पडलेलं बोट, ताप, किंवा पाय एकदम लाल गरम सुजलेला आणि तरी दुखत नाही, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. न दुखणारी सूज लोकांना साधी वाटते, पण त्यात आतली हाडं चुरा होत असू शकतात.

तळपाय स्वतःला दिसत नाही, वाकवत नाही. आरसा जमिनीवर ठेवून बघा, नाहीतर मामांसारखं करा. मामी रोज रात्री त्यांच्या दोन्ही तळपायांचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर टाकतात. परवा डाव्या अंगठ्याखाली पांढरा ठिपका दिसला, माझ्या पोटात गोळा, लगेच फोन लावला, म्हटलं मामी तिथं बोट लावून बघा ओलं आहे का. त्या म्हणाल्या थांब. मग हसायला लागल्या. चुना होता.

"मामा, तंबाखू सोडली म्हणाला होतात ना?"

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.